पद्मिनीचं इंटिरियर दोन दिवसांत होत नाही

प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्याआधीची फियाट 1100 डिलाइट ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यात एक सल्ला फिरतोय: 'जुनं रेक्झिन फाडून टाका, फ्लोअरच्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन) आणि डांबरी कोट मारा, जाड फोम घाला, दोन दिवसांत गाडी आतून नवी.' यातला जवळजवळ प्रत्येक भाग चुकीचा आहे. चूक कळते ती पहिल्या पावसाळ्यानंतर, आणि तोवर शिलाईचे पैसे देऊन झालेले असतात.

'गंजावर कन्व्हर्टर, वर डांबर.' सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. कन्व्हर्टरमधलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल वरवरच्या पातळ गंजावर काम करतं. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजाच्या तळापर्यंत ते पोचतच नाही. त्यावर डांबर बसलं की ओल आत कोंडते आणि पत्रा झाकणाखाली खाल्ला जातो.

आधी सीटा, गालिचा आणि खालचा नमदा (दाबलेल्या लोकरीचा जाड थर) बाहेर काढा. जुने डांबरी पॅड घट्ट दिसले तरी हीट गनने मऊ करून पट्टीने खरवडा, कारण गंज त्यांच्याखालीच लपलेला असतो. मग दर दोन-तीन इंचांवर स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा: पेडलांखाली, सीटच्या रेलभोवती, दाराच्या उंबऱ्याच्या जोडावर. टोक आत गेलं तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि 20 गेजचा (सुमारे 0.9 मि.मी.) तुकडा वेल्ड करायचा. रेलच्या बोल्टखाली मात्र 18 गेज किंवा जाड घ्या. ब्रेक दाबल्यावर माणसाचं वजन तिथे येतं. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा आणि पत्र्याखालून पेट्रोल-ब्रेकचे पाइप कुठून जातात ते बघा.

नंतर एपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीम सीलर (फटी बुजवणारी पेस्ट), मग रंग. नुसता रेड ऑक्साइड पुरत नाही, तो ओल शोषतो. सगळं वाळल्यावर काचांवर आणि दारांवर पंधरा मिनिटं पाण्याचा पाइप धरा. एकाने टॉर्च घेऊन आत बसावं. काचेचं रबर गळत असेल तर ते आत्ताच कळायला हवं.

'जुनं रेक्झिन फाडून टाका.' तेच तर तुमचं माप आहे! कव्हर फ्रेमला धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या कटरने तोडा, प्रत्येक तुकड्यावर नंबर आणि 'पुढे-मागे' लिहा, फोटो काढा, मगच शिलाई उसवा. शिलाईच्या पोकळीतल्या लांब तारा जपून ठेवा. त्यांच्याशिवाय नव्या कव्हरच्या खाचा खोल बसत नाहीत आणि सीट फुगलेली दिसते.

'फोम जितका जाड, तितकी सीट आरामदायी.' बैठकीचा आराम स्प्रिंगमधून येतो. तुटलेल्या, निसटलेल्या स्प्रिंग आधी नीट करा, फ्रेमला गंजरोधक रंग द्या. स्प्रिंगवर तरट ताणून बांधा, त्यावर काथ्याचा थर किंवा नमदा, आणि मग फोम. तरट नसेल तर स्प्रिंगची तार फोम कापत जाते. फोमची घनता बैठकीला 32 ते 40 (किलो प्रति घनमीटर) घ्या. हलका फोम लवकर दबतो. जुन्यापेक्षा दोन इंच जाड फोम घातला तर डोकं छताला आणि मांड्या स्टिअरिंगला लागतात.

'रूफ लायनिंग शेवटी लावू.' नाही. तारांच्या कमानींवर ताणलेल्या कापडाची कड काचेच्या रबराखाली जात असेल, तर पुढची-मागची काच काढूनच ते नीट बसतं. वायरिंग, मग लायनिंग, मग काचा, डोअर पॅड, गालिचा, शेवटी सीटा. कमानींना काढतानाच नंबर द्या, त्यांची वळणं सारखी नसतात. कडांना पांढरा फेविकॉल चालत नाही, तो पत्र्यावर धरत नाही. रबरी कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. मुंबई-कोकणातल्या जुलैच्या दमट हवेत सॉल्व्हंट उडताना गोंदावर बाष्प बसतं आणि तो धरत नाही. हे काम कोरड्या दिवसांसाठी ठेवा.

'डोअर पॅडला नवीन हार्डबोर्ड घातला की झालं.' जुना बोर्ड वाकला तो दारात उतरणाऱ्या पाण्यामुळे. दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा, नव्या बोर्डच्या कडांना आणि पाठीला व्हार्निश द्या, मध्ये प्लॅस्टिकचा कागद लावा. कागदाची खालची कड दाराच्या आत वळवलेली असू द्या, म्हणजे ओघळ भोकांकडे जाईल, बोर्डकडे नाही.