कडुलिंब कडू लागला म्हणजे विष नाही?

पावसाळा लागला की चिखलदरा, गाविलगडाकडे भटकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. मजकूर थोडक्यात असा: जंगलात दवाखाना नसतो, तेव्हा साप चावला तर वर दोरी घट्ट आवळा, ब्लेडने चिरा द्या, टोक कापलेल्या सिरिंजने रक्त ओढा, नाजा २०० या होमिओपॅथीच्या औषधाचे थेंब जिभेवर टाका. विष चढलं की नाही ते कडुलिंबाचा पाला चावून ओळखा. उन्हासाठी खिशात कांदा, मधमाशीला चुना. हा मेसेज ट्रेकवाल्यांपुरता राहत नाही. पऱ्हाटी निंदणाऱ्या बाईच्या पोराच्या मोबाइलवरही तो पोचतो, आणि साप चावण्याची पाळी तिच्यावर जास्त येते.

आधी कडुलिंब. पाला कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे, असं आपल्याकडे गावोगावी मानतात. कुठे पाल्याऐवजी मिरची देतात. पण विष चढलं की जिभेची चव जाते, याला काहीच आधार नाही. मण्यार बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही दिसत नाही. माणूस उठतो, पाला चावतो, कडू म्हणतो आणि पुन्हा झोपतो. काही तासांनी पोट दुखतं, पापण्या उघडत नाहीत, थुंकी गिळता येत नाही, मग श्वास अडतो. म्हणून चावल्याची नुसती शंका आली तरी दवाखान्यात जाऊन देखरेखीखाली राहायचं.

‘दोरी आवळा, चिरा द्या, रक्त ओढा.’ सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. घोणस आणि फुरसं यांचं विष चावल्या जागचं मांस सडवतं. वर आवळलं की रक्तपुरवठा तुटून तो पाय आणखी बिघडतो. याच सापांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, म्हणजे तुम्ही दिलेली चीर वाहतच राहते. सिरिंजने येतं ते रक्त. त्यात विष जवळपास नसतंच. आणि दोरी दवाखान्यात एकदम सोडली, तर अडवलेलं विष झपाट्याने अंगात पसरू शकतं. कोणी आधीच बांधून आणलं असेल तर वाटेत घाईने सोडू नका, डॉक्टरांसमोर सुटू द्या.

नाजा २०० बद्दल फार लिहावं असं त्यात काही नाही. नाजा म्हणजे नागाचंच विष, आणि २०० म्हणजे ते शंभरपट पातळ करायचं, असं दोनशे वेळा; त्यानंतर मूळ द्रव्याचा एक रेणूही उरत नाही.

‘आमच्या इथे भगताच्या झाडपाल्याने माणसं उठून बसली.’ मेसेजखाली हे उत्तर कोणीतरी देतंच, आणि ते खोटं नसतं. धामण, दिवड, तस्कर, मण्यारीसारखा दिसणारा कवड्या हे सगळे बिनविषारी. विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. अशा रोग्याला काहीही दिलं तरी तो बराच होणार, आणि श्रेय पाल्याला जाणार. भगताकडून उठून न आलेल्यांची गोष्ट मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली.

कांद्याचं म्हणाल तर तो खिशात नको, भाकरीबरोबर खा. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे खिशातला कांदा अंगाचं तापमान उतरवत नाही. उलट कैरीचं पन्हं खरंच कामाचं, कारण त्यात पाणी, मीठ, साखर तिन्ही आहे. साधं घ्यायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मात्र माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काही ओतू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि गाडी बोलवा. पॅरासिटामॉलने उष्माघात उतरत नाही.

मधमाशीचा काटा नखाने खरवडून लगेच काढा, चुना राहू द्या. आग्या मोहोळ उठलं तर आधी पळा. चेहरा सुजला, धाप लागली तर ती ॲलर्जी आहे, दवाखानाच.

आता मेसेजमधली एकच खरी गोष्ट: दवाखाना लांब असतो. मेळघाटात कितीतरी ठिकाणी रेंजही नसते, १०८ लागणार कुठून? पण लांब आहे म्हणून तर वाटेतला वेळ दोरी-ब्लेडात घालवायचा नाही. अंगठी, कडं, जोडवी लगेच काढा, सुजल्यावर निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय काठी लावून कापडाने सैलसर बांधा, हलू देऊ नका. रोग्याला चालवू नका. चारचाकी नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. साप मारून सोबत आणायची गरज नाही. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. भटकंतीला निघण्याआधी एक फोन मात्र करा: जवळच्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात ती लस आहे आणि रात्री डॉक्टर असतात का.