काकू, जरा बाजूला होता का?

आज सकाळपासून डोकं फिरलंय. ऑफिसात लक्ष लागेना म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे.

आमच्या जिममध्ये आज एक नवीन बाई आल्या. माझ्याच वयाच्या, पंचेचाळीसच्या मागेपुढे. पंजाबी ड्रेस, ओढणी छातीवरून तिरकी घेऊन कमरेला गच्च गाठ मारलेली. डंबेलच्या रॅकपाशी गेल्या, अडीच किलोच्या एकाला नुसता हात लावला. तेवढ्यात ट्रेनर आला. "काकू, वजनं नंतर. आधी ट्रेडमिलवर चाला, वजन उतरू दे." त्या बाजूला झाल्या. तिथे एक मुलगा स्टँडवर मोबाइल लावून रील काढत होता. "काकू, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." त्या आणखी सरकल्या. सरकत सरकत दारापर्यंत गेल्या, चपला घातल्या आणि गेल्या. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

ती ओढणीची गाठ माझ्या ओळखीची आहे हो.

दीड वर्षापूर्वी मीपण तशीच गेले होते. टी-शर्टवर ओढणी, तिला तशीच गाठ. कोपऱ्यातलं, भिंतीकडे तोंड असलेलं ट्रेडमिल धरलं होतं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी चालता चालता गाठ सुटली आणि ओढणीचं टोक मागे पट्ट्यात ओढलं गेलं. मानेला असा हिसका बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणीतरी धावत येऊन लाल बटण दाबलं म्हणून वाचले. मानेवरचा वळ चार दिवस होता. पण माझ्या मनात रुतून बसलंय ते वेगळंच. मशीन थांबल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं, तर दोन्ही हात छातीवर घेतले. गळ्याला फास बसता बसता राहिला होता आणि मला काळजी होती की कुणी बघितलं का.

त्यानंतर पंधरा दिवस मी गेले नाही.

आणि वरून आम्हालाच सांगतात, कॉन्फिडन्स ठेवा, लोकांकडे लक्ष देऊ नका! बारा वर्षांची असल्यापासून "नीट बस, ओढणी घे, पळू नको" हे ऐकत मोठं व्हायचं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी फी भरल्याबरोबर ते सगळं अंगावरून झटकून टाकायचं? लाज काय आम्ही पोटातून घेऊन आलो होतो? आमचं कोल्हापूर म्हणजे तालमींचं गाव. भाऊ तालमीत जायचा, तेव्हा दुधाची किटली घेऊन मी उंबऱ्याबाहेर उभी असायचे. तेल, हळद, ताक मुरलेल्या तांबड्या मातीचा तो वास अजून नाकात आहे. आत पाय टाकायचा नाही, एवढंच मला माहीत होतं. का, ते मी विचारलंसुद्धा नाही. आता जिल्ह्यातल्या पोरी कुस्ती खेळतात, बरं वाटतं. पण माझ्या वयाच्या बायका अजून त्या उंबऱ्यावरच आहेत.

मी गेले ती आईमुळे. आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं भराभर विरळ व्हायला लागतात, हे मला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. नुसतं चालून भागणार नाही, वजन उचला म्हणाले. रंकाळ्याला साडीवर बूट घालून फेऱ्या मारणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना मी तेच सांगत असते. त्यामुळे "काकू, आधी चाला" म्हणणाऱ्या त्या ट्रेनरचा मला जास्त राग आला. वजन उतरवायला आल्यात, हे त्याने न विचारताच ठरवून टाकलं.

सगळेच पुरुष बघत नसतात, मान्य. बहुतेकांना आपापल्या सेटची पडलेली असते. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी लाल बटण दाबणारा वीस-बावीस वर्षांचा मुलगाच होता. त्याने पट्ट्यातून ओढणी सावकाश सोडवली. तिला काळं ग्रीस लागलं होतं. डाग आत जाईल अशी घडी घातली, हँडलवर ठेवली आणि एक शब्द न बोलता आपल्या जागी गेला. नंतर कधी त्याने तो विषय काढला नाही. हे लिहिताना आत्ता डोळ्यांत पाणी आलं. ती घडी नसती तर मी पुन्हा जिना चढले नसते.

माझा संकोच आरशासमोर उभं राहून गेला नाही. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून वजनाचा रॉड उचलायला, तीस किलो झाले तेव्हा जरा सैल झाला. टाचा रोवायच्या, पाठ सरळ ठेवायची, श्वास धरायचा, आठव्यांदा रॉड ओढायचा. एवढं सगळं करताना मागे कोण उभं आहे, हे आठवायला डोक्यात जागाच उरत नाही. पूर्ण गेलाय असं नाही. हिप थ्रस्ट, म्हणजे बाकाला पाठ टेकून कंबर वर उचलायचा व्यायाम, मी अजून भिंतीकडच्या बाकावरच करते. पाळीच्या दिवसांत काळी ट्रॅक पँट. स्क्वॉट करून उठले की हात आपोआप टी-शर्ट खाली ओढतो. पण ओढणी त्या दिवसापासून घरी.

आपल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ साली ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत ४५ किलो गटात सोनं आणलं. एका झटक्यात डोक्यावर (स्नॅच) ७० किलो, दोन टप्प्यांत (क्लीन अँड जर्क) ८३ किलो. त्याआधी कुठल्याच भारतीयाला त्या स्पर्धेत सोनं मिळालं नव्हतं. आणि इथे एका बाईने अडीच किलोला हात लावला तर तिला हटकलं जातं.

सगळ्यात जास्त राग माझा मलाच येतोय. त्या सरकत होत्या तेव्हा मी रॉड धरून उभी होते. बघितलं, आणि माझा सेट पूर्ण केला.

खाली उतरले तर त्या समोरच्या डेअरीपाशी पिशवी घेऊन उभ्या. मी सरळ जाऊन ओढणीची, ग्रीसची, वळाची सगळी हकीकत सांगितली. त्या आधी गप्प. मग कमरेच्या गाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "ते लोखंडी लांब असतं ते किती किलोचं हो?"

स्पर्धेत बायकांचा रॉड १५ किलोचा असतो, पण आमच्याकडे एकच. म्हटलं, "नुसता रॉड २० किलो."

"एवढाच? भरलेलं सिलिंडर तीसच्या आसपास भरतं की. आणणारा पोरगा जिन्याखाली ठेवून जातो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर."

उद्या सहाला यायचं ठरलंय. ट्रेनरला मी दुपारीच फोन केला, रॅकपाशी आम्ही दोघी असणार आहोत म्हणून.