थरारपटाला खलनायक लागतोच असं नाही

टोनी स्कॉटचा 'अनस्टॉपेबल' (२०१०) परवा पुन्हा पाहिला. माझं जुनं मत आणखी पक्कं झालं. चांगल्या थरारपटाला खलनायक लागतोच असं नाही. सुसाट निघालेलं हजारो टनांचं धूड आणि स्वतःचं काम चोख येणारी दोन माणसं एवढ्यावर दीड तास प्रेक्षकाला खुर्चीला खिळवून ठेवता येतं. त्यासाठी दिग्दर्शकाला त्या धुडाचं वजन आपल्यापर्यंत पोचवता आलं पाहिजे, आणि स्कॉटला ते आलं होतं. हा त्याचा शेवटचा चित्रपट. २०१२ मध्ये तो गेला.

गोष्ट म्हटली तर दोन ओळींची. पेनसिल्व्हेनियातल्या एका यार्डात मालगाडी हलवताना पुढचा सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, चुकीचा लागलेला दिसतो. इंजिन चालवणारा खाली उतरतो. धावत जाऊ, सांधा फिरवू आणि परत चढू, असा त्याचा हिशेब. पण इंजिन जोर घेतं, गाडी वेग पकडते आणि तो मागे राहतो. गाडीत फिनॉलसारखं घातक रसायन आहे, आणि पुढे दाट वस्तीच्या स्टँटन गावात रुळांना जीवघेणं वळण. त्याच मार्गावर दुसऱ्या इंजिनात दोघं जण आहेत. फ्रँक (डेन्झेल वॉशिंग्टन) २८ वर्षं नोकरी करून सक्तीच्या निवृत्तीची नोटीस हातात घेऊन बसलेला. विल (क्रिस पाइन) नवखा, वशिल्याने चिकटला म्हणून जुन्यांच्या डोळ्यात सलणारा.

हे सगळं ऐकून 'सिनेमावाले काहीही दाखवतात' असं वाटत असेल, तर १५ मे २००१ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात काय झालं ते वाचा. टोलेडोजवळच्या यार्डातून ४७ डब्यांची गाडी अशीच सुटली. चालक सांध्यासाठीच उतरला होता. उतरताना डायनॅमिक ब्रेक (इंजिनाच्या मोटारींच्याच विरोधाने वेग उतरवणारा ब्रेक) लावला असं त्याला वाटलं, प्रत्यक्षात इंजिन पूर्ण जोरावर होतं. यार्डातल्या यार्डात हलवायची गाडी म्हणून डब्यांचे एअर ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक, जोडलेलेच नव्हते. एकट्या इंजिनाचा ब्रेक लावलेला होता, पण तो या जोरापुढे कितीसा टिकणार? गाडी सुमारे १०६ किलोमीटर धावली, वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर गेला. दोन टँकरमध्ये खरोखरच फिनॉल होतं. पोलिसांनी इंधन बंद करणाऱ्या बटणावर गोळ्या झाडून पाहिल्या, उपयोग झाला नाही. अखेर दुसरं इंजिन पाठीमागून गेलं, शेवटच्या डब्याला जोडलं गेलं आणि डायनॅमिक ब्रेकने मागून ओढत राहिलं. वेग माणसाच्या धावण्याइतका उतरल्यावर एक कर्मचारी बाजूने पळत जाऊन इंजिनावर चढला आणि त्याने ते बंद केलं. जीव कोणाचाच गेला नाही.

सिनेमात वेग आणखी वाढवलाय, गाव आणि वळण रचलंय, एका अनुभवी चालकाचा मृत्यूही घातलाय. माझी त्याला हरकत नाही, कारण मूळ यंत्रणेशी त्यांनी बेइमानी केलेली नाही. एअर ब्रेक का लागत नाहीत, मागून जोडून घेतलं तर का जमेल, पुढून अडवलं तर का फसेल, हे आपल्याला आधी कळतं आणि मग दिसतं. म्हणून पोटात गोळा येतो. आजच्या कित्येक ॲक्शनपटांत विमानं, इमारती, शहरं कोसळतात आणि मला काहीच होत नाही. तिथे कशालाच वजन नसतं. इथे खऱ्या गाड्या खऱ्या रुळांवर पळवल्या आहेत आणि ते प्रत्येक फ्रेममध्ये जाणवतं.

कपलिंगचा, म्हणजे इंजिन डब्याला जोडण्याचा, प्रसंग बघा. फ्रँक इंजिन उलटं पळवत सुटलेल्या गाडीला मागून गाठतो. शेवटच्या डब्यातून धान्याचा लोंढा तोंडावर येतोय, डोळे उघडता येत नाहीत, आणि दोन कपलर भिडूनही खीळ बसत नाही. विल खाली उतरून लाथेने ती खीळ बसवतो आणि त्यात त्याचा पाय चिरडतो. लोखंडाची एक खीळ जागेवर बसते की नाही, एवढाच प्रश्न आहे. मी त्या दोन मिनिटांत श्वास घ्यायचा विसरतो.

पुढे इंजिनाचे ब्रेक हात टेकतात तेव्हा फ्रँक डब्यांच्या टपांवरून पुढे सरकत एकेका डब्याचा हँडब्रेक आवळत जातो. गोल चाक, दोन हात आणि वय झालेला माणूस. नोकरीवरून काढायची धमकी त्याला वायरलेसवर मिळते तेव्हा तो सांगतो की मला तर तुम्ही आधीच काढलंय. हे वाक्य तो अजिबात न चिडता म्हणतो, आणि कंपनीच्या साहेबाकडे त्यावर उत्तर नसतं. रोझारिओ डॉसनची कॉनी तर मला या दोघांइतकीच आवडते. यार्डात बसून नकाशा, फोन आणि डोकं शांत ठेवून ती वरिष्ठांशी भांडते. वरच्या मजल्यावरच्यांना शेअरच्या भावाची काळजी, हिला रुळाशेजारच्या घरांची.

खटकतंही बरंच. टीव्हीचे निवेदक समोर दिसतंय तेच ओरडून सांगतात. विलच्या बायकोचं प्रकरण उपरं वाटतं. सहलीच्या मुलांची गाडी समोरून आणण्याची तर काहीच गरज नव्हती.

आपल्याकडे अशा सिनेमाची आठवण म्हणजे १९८०चा 'द बर्निंग ट्रेन'. लहानपणी जीव टाकला होता त्याच्यावर, आजही 'पल दो पल का साथ हमारा' लागलं की काम थांबतं. पण त्यात सूड आहे, बॉम्ब आहे, डबा भरून नट आहेत. ती गाडी चालते कशी हे मात्र मनात राहत नाही.

आणि आपल्याकडे खऱ्या गोष्टींची काय कमी आहे? २०१७ मध्ये कर्नाटकातल्या वाडी स्थानकात इंजिन बदलताना विजेचं इंजिन चालकाविना निघालं आणि नालवारपर्यंत १३ किलोमीटर गेलं. रेल्वेचे लोक मोटारसायकलवरून मागे धावले, पुढची लाइन मोकळी केली गेली आणि वेग कमी झाल्यावर ते धरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कठुआहून खडी भरलेली ५३ वाघिणींची मालगाडी चालकाविना पंजाबात सुमारे ७० किलोमीटर धावली. बातमी दोन दिवस व्हायरल झाली, लोक हसले आणि विसरले. ती थांबवण्यासाठी धडपडलेल्या माणसांची नावं किती जणांना सांगता येतील?

आपला भोर घाट घ्या. १:३७ चा चढ (३७ मीटर गेलं की एक मीटर वर), मागून रेटणारी बँकर इंजिनं, आणि उतरणारी गाडी ठरल्या जागी थांबली नाही तर तिला चढावर वळवणाऱ्या कॅच सायडिंग. पावसाळ्याची रात्र, धुकं, सिग्नलच्या केबिनमधला एक माणूस आणि वरून येणारी मालगाडी. कोणीतरी मराठीत हा सिनेमा करा. गाणी नकोत, सूड नको, फक्त रेल्वेच्या माणसांकडे बसून सगळं नीट समजून घ्या.

माझ्या यादीत लोको पायलट, गार्ड, केबिनवाले आहेत. ब्रेक आणि कपलिंगबद्दल वर लिहिलंय त्यात कुठे चूक असेल तर कमेंटमध्ये सांगा. आणि धावत्या गाडीत टपावरून जाऊन इतके हँडब्रेक आवळणं एकट्या माणसाला खरंच शक्य आहे का, हे मला तुमच्याकडूनच ऐकायचंय.