सायलस डीनच्या वारसांचे पैसे वशिल्याचे नव्हते

दांडिया बझारातल्या आमच्या इतिहासप्रेमींच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की ब्रिटनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकेने फ्रान्सला पाठवलेला पहिला दूत सायलस डीन पैसे खाऊन, हिशोब न देता परत आला, म्हणून सरकारने त्याला काही दिलं नाही, आणि पुढे १८४२ मध्ये वारसांनी वशिला लावून ३७,००० डॉलर काढले. वडोदऱ्यात निम्म्या लोकांनी हे पुढे ढकललंय, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे "पैसे खाल्ले". आरोप आर्थर ली या त्याच्याच सहकाऱ्याचा होता, सिद्ध कधीच झाला नाही. डीन तिथे स्वतःचा व्यापारही करायचा हे खरं, पण म्हणून सरकारी पैसे खाल्ले असं होत नाही ना.

दुसरं, "हिशोब दिला नाही". इथेच सगळी मेख आहे. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याला परत बोलावलं ते युरोपची परिस्थिती सांगायला म्हणून, हिशोबाचं नावही काढलं नाही, त्यामुळे तो १७७८ मध्ये निघाला तेव्हा कागदपत्रं पॅरिसलाच राहिली आणि अमेरिकेत पोचल्यावर नेमका हिशोबच मागितला. शिवाय फ्रान्सची मदत अमेरिकेशी झालेल्या तहाच्या आधीची, म्हणजे चोरून दिलेली, शस्त्रं फ्रेंच नाटककार ब्यूमार्शेने काढलेल्या एका दिखाऊ कंपनीच्या नावाने यायची, मग उघड पावत्या कुठून आणणार? हे गुपित इतकं नाजूक होतं की अमेरिकी क्रांतीचा लेखक थॉमस पेनने डीनवर टीका करताना छापून टाकलं तर १७७९ मध्ये त्यालाच परराष्ट्र समितीचं सेक्रेटरीपद सोडावं लागलं. डीन बिचारा १७८० मध्ये हिशोब लावायला पुन्हा फ्रान्सला गेला.

१७८१ ची त्याची ब्रिटनशी समेट करा म्हणणारी पत्रं मात्र मलाही पटत नाहीत. लोक त्याला गद्दार म्हणाले ते त्यावरून, पण मत बदललं म्हणून आधी केलेल्या कामाचे पैसे बुडवायचे का?

आणि वशिला? डीन १७८९ मध्ये वारला, नातीने अर्ज केला तो पन्नासेक वर्षांनी, तेव्हा त्याला ओळखणारं कोण उरलं होतं? काँग्रेसने हिशोब नव्याने तपासले आणि आधीची तपासणी एकतर्फी, चुकीची आणि घोर अन्याय करणारी होती असं ठरवून पैसे दिले. ब्यूमार्शेच्या वारसांनाही त्या शस्त्रांच्या पैशासाठी १८३५ पर्यंत ताटकळावं लागलं, मिळाले ८ लाख फ्रँक, येणं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी.