माफ करण्याचा हक्क कोणाचा?

नमस्कार. हक्कुल्लाह आणि हक्कुल इबाद, म्हणजे अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क, यांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. सगळे हक्क शेवटी अल्लाहचेच, माणसाच्या वाट्याला फक्त कर्तव्यं, आणि ही वर्गवारी म्हणजे नुसता शब्दांचा खेळ, असं तुमचं म्हणणं.

मला तसं वाटत नाही. ही वर्गवारी एका रोखठोक प्रश्नासाठी आहे: माफी द्यायची कोणी? तुमचे पैसे मी बुडवले, तर कितीही हज केले तरी ते फिटत नाहीत. सोडायचे तर तुम्हीच. शहिदालाही सगळं माफ, कर्ज सोडून, असं हदीस (पैगंबरांचं वचन) सांगते. बायकोची मेहेर, म्हणजे लग्नात नवऱ्यानं तिला द्यायची ठरलेली रक्कम, बाकी असताना नवरा वारला, तर आधी ती चुकती करायची, मग वारसांच्या वाटण्या.

चोरीचं वेगळं. पैगंबरांचे एक साथी सफवान इब्न उमय्या मशिदीत झोपले असताना त्यांची चादर चोरीला गेली. चोर सापडला, पैगंबरांपुढे उभा केला गेला. हात तोडायचा हुकूम ऐकून सफवान चपापले. म्हणाले, चादर मी याला देऊन टाकली. त्यावर उत्तर मिळालं: मग माझ्याकडे आणण्याआधीच का नाही दिलीस? प्रकरण न्यायासनापुढे गेलं की ते एकट्या फिर्यादीचं राहत नाही. हक्कुल्लाह म्हणतात ते याला. देवाला चादरीची गरज नसते, प्रश्न सगळ्यांच्या सुरक्षिततेचा असतो. सीमारेषेवरून मतभेद आहेतच. बदफैलीचा खोटा आळ घेतला, तर हनफी पंथाचे कायदेपंडित म्हणतात पीडितानं माफ करून शिक्षा टळत नाही. शाफई (आपले कोकणी मुसलमान बहुतेक याच पंथाचे) म्हणतात टळते.

टीका करायचीच तर खुनाच्या कायद्यावर करा, तिथे तुमच्या हाती खरा मुद्दा लागेल. खुनाचा बदला घ्यायचा, दियत (खुनाची भरपाई) घ्यायची की माफ करायचं, हे मयताच्या वारसांनी ठरवायचं. पाकिस्ताननं १९९० मध्ये हा नियम फौजदारी कायद्यात आणला. मग घराण्याच्या इज्जतीपायी भावानं बहिणीला मारलं, तर माफ करणारे कोण? त्याचेच आईबाप! २०१६ मध्ये सोशल मीडियावर गाजलेल्या कंदील बलोचच्या खुनानंतर संसदेनं कायदा बदलला: इज्जतीसाठी केलेल्या खुनात वारसांनी माफ केलं तरी जन्मठेप. तरीही या खुनासाठी तिच्या भावाला २०१९ मध्ये झालेली जन्मठेप २०२२ मध्ये हायकोर्टानं रद्द केली. म्हणजे तिथे बंद्याचा हक्क कमी पडला नाही, तो भलत्याच माणसांच्या हाती पडला.