नागपूरच्या उन्हाला लिक्विड कूलिंगच हवं, हे पटलं नाही
‘नागपूरसारख्या शहरात घरी कॉम्प्युटर जोडायचा तर लिक्विड कूलिंगला (नळ्यांतून पाणी फिरवून प्रोसेसर थंड करण्याला) पर्याय नाही’, हे लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. मी इथेच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शाखा इलेक्ट्रॉनिक्स. आतापर्यंत दोन कॉम्प्युटर स्वतः जोडलेत; पहिला मामाकडच्या जुन्या पार्ट्समधून, दुसरा शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून. दुसऱ्यात रायझन 5 5600जी हा प्रोसेसर आहे, त्यावर साधा एअर कूलर, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा पंखा, आणि त्याने दोन नवतपे (मे अखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) काढलेत. पाणी असो की पंखा, दोन्ही शेवटी उष्णता खोलीतल्या हवेतच सोडतात. खोलीच 40 अंशांवर असेल तर लिक्विडही तिथूनच सुरुवात करणार. या प्रोसेसरची मर्यादा 95 अंश आणि टीडीपी, म्हणजे कूलरला साधारण किती उष्णता बाहेर काढावी लागते ते, 65 वॉट; त्याला चांगला पंखा पुरतो.

लिहायला हवं होतं ते डेझर्ट कूलरबद्दल. मागच्या मे महिन्यात माझं मशीन अचानक रेंगाळायला लागलं, तापमान 90च्या पुढे. उघडून पाहिलं तर पुढच्या जाळीवर धुळीचा ओलसर, नमद्यासारखा थर! कॅबिनेट नेमकं कूलरच्या झोतात ठेवलं होतं. आता ते पलीकडच्या भिंतीला आहे आणि जाळी दर पंधरवड्याला ब्रशने साफ करतो. लिक्विडचे वाचलेले पैसे रॅमवर घाला. 5600जीचं ग्राफिक्स रॅमवरच चालतं, म्हणून 16 जीबीची एकच स्टिक घेण्यापेक्षा 8-8च्या दोन घ्या; दोन्हींतून एकाच वेळी डेटा येतो आणि फरक लगेच दिसतो.