अर्धी मजुरी

रक्तातल्या शिशामुळं मुलं चंचल होतात, अशी बातमी अण्णांनी मोठ्यानं वाचली आणि पेपराची घडी घालताघालता निकालही देऊन टाकला. "पोर द्वाड निघालं की वळण लावायचं सोडून रक्त तपासायला पळतात!"

"वळण लागायला आधी मेंदू धड लागतो," पेंटर म्हणाला. "शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन आत शिरतं. तिथं छडी पोचत नाही."

"शिशाचे जुने रंग आम्हीही खरवडलेत. काय झालं आम्हाला?"

कुणीच उत्तर दिलं नाही. सगळे नुसते अण्णांकडे बघत राहिले.

मास्तर एरवी वादात पडत नाहीत. आज पडले. "१९७९ साली हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी मुलांच्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजलं. ज्यांच्यात जास्त, ती मुलं बुद्धिमापनात मागं. त्यांच्या शिक्षकांना दातांतले आकडे ठाऊक नव्हते, तरी चंचल, लक्ष नसलेली म्हणून त्यांनी शेरे मारले ते त्याच मुलांवर." मग जरा थांबून म्हणाले, "मी किती जणांना बाकावर उभं केलं असेल."

मला गलबलून आलं. शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नसतेच, हे आज जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या पोरांना मात्र शिक्षा भोगून झाली.

अण्णा हटेनात. "उद्या चोरही म्हणेल, शिशानं केलं!"

"चोराचं राहू द्या," पेंटर म्हणाला. "टोप्या बनवणारे कारागीर पाऱ्याच्या वाफेत काम करायचे. हात थरथरायचे, माणूस बुजरा आणि चिडका व्हायचा. लोक म्हणायचे, वेडा आहे. आणि दिवसभर थिनर हुंगलेल्याला काय म्हणतात, अण्णा?"

"मला काय विचारतोस?"

"तुमच्याच खोलीत, धूळ नको म्हणून खिडक्या लावून पॉलिश करायला लावलंत. संध्याकाळी माझा तोल जात होता. 'पिऊन आलाय' म्हणालात आणि अर्धी मजुरी कापलीत."

"अरे, किती वर्षं झाली! आता कशाला उकरतोस?"

"शिसं हाडांत वर्षानुवर्षं बसतं, अण्णा. अर्धी मजुरीसुद्धा."

कट्टा हसून लोळला. अण्णा खिसे चाचपत पुटपुटले, "मी तर साफ विसरलो होतो रे."

"मास्तर, लिहून घ्या," पेंटर ओरडला, "पहिलं लक्षण!"

मग अण्णाही हसत सुटले.